आम्ही तिघंच

शनिवार, १ मार्च

लिहू नये असं वाटतंय. पण मग सांगायचं तरी कुणाला!

आज नवी गाडी बघायला गेलो. म्हैस विकायची हे तर केव्हाच ठरलंय. म्हैस म्हणजे आमची सात जणांची गाडी. लेक लहान असताना तिने ठेवलेलं नाव, कारण गाडी वळायला वेळ घेते आणि रस्ता अडवून उभी राहते. आता हायब्रिड घ्यायची. थोडी बॅटरीवर, थोडी पेट्रोलवर, आकाराने म्हशीच्या निम्मी. शोरूममध्ये आम्ही चौघं होतो – हे, मी, लेक आणि भाऊजी. ह्यांचे थोरले भाऊ. लग्न केलं नाही, आमच्याकडेच असतात.

हे आणि लेक रंग बघत पुढे गेले होते. सेल्समनने मला विचारलं, "मॅडम, घरात किती जण?"

मी म्हटलं, "आम्ही तिघंच."

इतकं पटकन! आणि मागे वळले तर भाऊजी. दोन्ही हातांत पाण्याचे कागदी पेले. त्यातला एक माझा. मीच मागितलं होतं पाणी.

"घे," म्हणाले. हसले. नेहमीसारखेच.

सेल्समनने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग घाईघाईने डिकी उघडून दाखवायला लागला.

रविवार, २ मार्च

ऐकलं असेल का? एसीचा आवाज होता. गाणीही चालू होती. त्यांचं लक्ष पेल्यांकडे असेल, सांडू नये म्हणून.

सकाळी त्यांनी चहा केला, माझा कप झाकून ठेवला. काहीच बदललेलं नाही. म्हणजे ऐकलं नसेल.

की ऐकलं, म्हणूनच काही बदललेलं नाही?

मंगळवार, ४ मार्च

"चुकून निघून गेलं तोंडातून" – तीन दिवस स्वतःला हेच सांगतेय. खोटं आहे. निदान इथे तरी खरं लिहावं.

म्हैस घेतली तेव्हा घरात सात माणसं होती. सासू-सासरे, आम्ही दोघं, मुलगा, लेक, भाऊजी. सासू-सासरे गेले. मुलगा नोकरीला दूर गेला, तिकडेच संसार थाटला. जूनमध्ये लेकही शिकायला जाईल. मग घरात राहणार कोण? मी, हे – आणि भाऊजी.

लग्न होऊन आले तेव्हाही भाऊजी होतेच. मुलांना त्यांनी पोहायला शिकवलं, तापात रात्ररात्र बसले, डबे भरले, माझी परीक्षा होती तेव्हा महिनाभर स्वयंपाक केला. माझ्याशी कधी आवाज चढवून बोलले नाहीत. आणि मला काय वाटतं? की एकदा तरी संध्याकाळी घरी यावं आणि घरात फक्त हे असावेत. सोफ्यावर पाय पसरून, ह्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पडावं. ओढणीबिढणी न सावरता.

बस, एवढंच. एवढ्यासाठी मी जित्याजागत्या माणसाला वजा केलं!

गुरुवार, ६ मार्च

मी लोकांची श्रवणशक्ती तपासते. दवाखान्यात आज सगळ्यांना गाडीचं कळलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शाबास! असा विचार सगळ्यांनी केला तर हवा जरा बरी होईल." रिसेप्शनवरची म्हणाली, "तुमचं ना, सगळं कसं विचारपूर्वक असतं!"

मी मान डोलावली. छान हसलेसुद्धा. लाज म्हणून नाही मला.

रविवार, ९ मार्च

म्हैस गेली.

सकाळपासून भाऊजी तिला धूत होते. मागच्या सीटखालून रंगीत खडू निघाले, एक मोजा, सासऱ्यांची चघळायच्या गोळ्यांची डबी. डबी त्यांनी पुसून खिशात टाकली.

घ्यायला आलेलं जोडपं तरुण. तीन मुलं, शिवाय बाईंचे आईवडील. मुलं शिरली ती थेट मागच्या सीटवर, उतरायलाच तयार नाहीत. भाऊजी त्या माणसाला मागचं दार दाखवत होते – आधी थोडं उचलायचं, मग सरकवायचं, नाहीतर अडकतं. तो खूश झाला. विचारलं, "काका, तुम्ही ह्यांच्याकडे ड्रायव्हर का?"

मी दोन पावलांवर उभी होते. कागद हातात. "अहो, आमचे भाऊजी आहेत ते" – म्हणायला किती वेळ लागतो? मी तोंड उघडलं. आणि आधी भाऊजीच म्हणाले, "हो, बरीच वर्षं झाली."

आणि हसले!

मुलं मागच्या काचेतून हात हलवत होती. भाऊजी कोपऱ्यापर्यंत चालत गेले त्यांच्यामागून. मी घरात आले आणि बेसिनचा नळ सोडून नुसतीच उभी राहिले.

शनिवार, १५ मार्च

नवी आली. करडी. सुरू झालेली कळतच नाही – बटण दाबलं की नुसते दिवे लागतात. ब्रेक दाबला की बॅटरी भरते म्हणे. हे प्रत्येक सिग्नलला "बघ, भरली! बघ, भरली!" करत होते. पन्नाशी उलटली तरी पोरकटपणा जात नाही.

दुपारी ह्यांच्या मित्राकडे जेवायला बोलावलं होतं. निघताना भाऊजी म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. मी बसने येतो."

हे म्हणाले, "अरे दादा, मागे जागा आहे की!"

"गुडघे आखडतात रे."

म्हशीत ते कुठे बसायचे? सगळ्यात मागे. मुलांच्या मध्ये, गुडघे छातीशी घेऊन. इतकी वर्षं! तेव्हा नाही आखडले.

ह्यांना काही कळलं नाही. लेक मात्र गाडीत म्हणाली, "आई, काकांना काही बोललीस का तू?"

"मी? छे! मी काय बोलणार!"

आरशात पाहिलं तर ती माझ्याकडेच बघत होती.

मंगळवार, १८ मार्च

आजही बसनेच गेले. छत्री घेऊन, शीळ घालत.

गुरुवार, २० मार्च

आज जे केलं ते कुणी दुसऱ्याने केलं असतं तर मी त्याचं तोंड पाहिलं नसतं.

भाऊजींना दवाखान्यात बोलावलं. "साठी झाली की एकदा कान तपासून घ्यावेत," असं सांगितलं. काळजीने! खरं कारण मलाच ठाऊक. मला बघायचं होतं, त्या दिवशी त्यांना ऐकू जाणं शक्य होतं का. थोडंतरी कमी ऐकू येत असलं तर मी सुटले असते. माणसाचे कान अधू निघावेत म्हणून मनातून आशा धरून बसले होते मी!

आवाजबंद खोलीत बसवलं. हेडफोन घातले, हातात बटण दिलं. काचेतून दिसत होते. डोळे मिटून, शहाण्या मुलासारखे. मी आवाज कमी करत गेले. ते बटण दाबत गेले. आणखी कमी केला. दाबलं. जिथे चाळिशीची माणसंही गप्प बसतात तिथे भाऊजींचा अंगठा हलतोय!

आलेख निघाला. सरळ रेघ. माझ्यापेक्षा चांगले कान आहेत त्यांचे.

बाहेर आल्यावर विचारलं, "काय गं, पास का?"

"एकदम पास," म्हटलं.

"मग बरं. मला वाटलं, तुला काहीतरी शंका आहे."

कशाबद्दलची शंका? माझी पर्स पडली होती ती उचलून दिली आणि बस गाठायला गेले. म्हणजे पेले हातात घेऊन उभे होते तेव्हा अक्षर न् अक्षर ऐकलंय.

गुरुवार, २७ मार्च

आठवडाभर धीर गोळा करतेय. काल जेवणानंतर बोलणार होते, तर ह्यांना नेमकं तेव्हाच गॅस बुक करायचं आठवलं.

आज कामावरून येताना भाऊजी बसथांब्यावर दिसले. म्हटलं, आत्ताच. घ्यावं गाडीत आणि मोकळं व्हावं. गाडी थांब्याला लावली, काच खाली होतीच. पण हिचा आवाजच नाही! त्यांना पत्ताच लागला नाही. पाठमोरे उभे होते, फोनवर बोलत होते. आणि हसत होते. असं हसू मी घरात कधी ऐकलं नाही – पोट धरून, पोरासारखं.

मग म्हणाले, "नाही नाही, आता काही अडचण नाही. त्यांचं ते तिघंच आहेत ना! मस्त चाललंय त्यांचं."

म्हणजे बाहेरच्या माणसांना सांगतायत. हसून सांगतायत. भावजयीने मला मोजलं नाही, असं.

हाक मारली नाही. तशीच पुढे निघून आले, चोरासारखी. गाडी चोराला फार सोयीची आहे.

रविवार, ३० मार्च

बोलले. एकदाची बोलले!

भाऊजींना पँटची उंची कमी करायला द्यायची होती. म्हटलं, मी सोडते. नको नको म्हणत होते, पण मी दार उघडूनच उभी राहिले. ते मागे बसायला निघाले. मी म्हटलं, "पुढे बसा हो! मी काय टॅक्सी चालवते?" बसले. गुडघे व्यवस्थित मावले.

पहिल्या सिग्नलला तोंड उघडलं. शब्द नीट लावले होते, सगळे विसरले. "भाऊजी, त्या दिवशी शोरूममध्ये मी जे म्हटलं – ते तुम्ही –"

"ऐकलं मी."

"चुकून नव्हतं आलं तोंडातून. मला – मला तसं वाटत होतं. फार वाईट आहे मी."

सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न मारला. मी कशीबशी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. त्यांनी समोरचा कप्पा उघडून बघितला, रुमालबिमाल काही सापडेना, शेवटी पिशवीतली पँटच पुढे केली. "पूस. नाहीतरी शिवायलाच चाललीय."

रडता रडता हसू आलं.

"आणि तो माणूस तुम्हाला ड्रायव्हर म्हणाला तेव्हाही मी –"

"अगं, तेव्हा मला गंमत वाटली."

"तुम्ही मला चार शब्द सुनावा ना! असं बरं वाटत नाही मला."

"काय सुनावू?" बाहेर बघत म्हणाले. "अठ्ठावीस वर्षांत तुम्हाला दोघांना एक संध्याकाळ मिळाली नाही. ते काय मला दिसत नव्हतं? मलाही वाटायचं, निघावं. पण आई अंथरुणावर. मग मुलं लहान. मग वाटलं, लेक जाईपर्यंत तरी. माणूस कारणं शोधतो गं. सवयीचं घर सुटत नाही."

मी डोळे पुसून गाडी सुरू केली.

दुकानापाशी सोडलं. कपडे दुरुस्त करणाऱ्या बाईंचं लहानसं दुकान, काचेत मशीन, वर त्यांचं घर. माझ्याही साड्यांचे फॉल तिथेच होतात. बाई दारातच उभ्या होत्या, गळ्यात टेप. भाऊजी म्हणाले, "थांबू नकोस. मला वेळ लागेल." आणि दारात पाय ठेवायच्या आधी त्यांनी केसांवरून हात फिरवला.

घरी येऊन हलकं वाटलं. पण नीट हलकं नाही. माफी मागितली, ती मिळाली. मग अजून मान वर होत का नाही?

बुधवार, २ एप्रिल

भाऊजी लग्न करतायत. दुकानातल्या बाईंशी. नाश्त्याला बसल्या बसल्या सांगितलं, बशीकडे बघत. चार वर्षं त्या विचारत होत्या आणि भाऊजी थांबले होते. "वाटायचं, इथे माझ्यावाचून अडेल." मग माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "मार्चच्या पहिल्या तारखेला कळलं, नाही अडणार. त्याच संध्याकाळी त्यांना हो म्हटलं."

लेक किंचाळलीच. ह्यांनी उठून मिठी मारली, डोळे पुसले. रविवारी सामान हलवायचं.

मला हवं होतं ते घर मला मिळालं. आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर – "जाऊ नका ना, भाऊजी."

"आता म्हणतेस होय!" म्हणाले. सगळे हसले.

मी थट्टा करत नव्हते. कुणालाच कळलं नाही.