गिंब्री भिंतीवर टांगू नये

मी, मिलूद झेरूआली, जन्मगाव एसाउइरा, मोरोक्को, सध्या राहणार ब्रन्सविक, मेलबर्न, वय एकाहत्तर, धंदा गाणंबजावणं, हे मृत्युपत्र कोणाच्याही धाकाशिवाय लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. हृदय नाही, म्हणून मंगळवारी डॉक्टर ते उघडणार आहेत. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. एका जागी इतका वेळ बसणं जमलंच नव्हतं. आताही सारखा उठतोय.

१. घर आणि बँकेतली शिल्लक माझी पत्नी लतीफा हिची. आमच्या बँडला मात्र तिने गॅरेजमधून हुसकू नये. तिच्या मनात ते फार दिवसांपासून आहे, मला ठाऊक आहे.

२. व्हॅन मुलगा तारिक याला. दुसरा गिअर जपून टाकावा.

३. चुलतभाऊ ब्राहिम याला काहीही नाही. आम्ही मोरोक्कोची गाणी लॅटिन तालात वाजवतो म्हणून "मिलूद आपल्या कुसकुसमध्ये त्यांचा राजमा घालतो" असं तो लग्नाच्या भर पंगतीत म्हणाला होता. माझ्या मयताला त्याने यावं, जेवावं. जेवणात राजमा असावा.

४. आमचा चिलीचा ट्रम्पेटवाला ओस्वाल्दो, यालाही काही नाही. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकीलबाई म्हणाल्या, आणि मला साक्षीला भरवशाचा माणूस हवा.

५. आता गिंब्री, माझं वाद्य. तीन तारांची, उंटाच्या कातड्याची, माझ्या उस्तादांनी चार लोकांसमोर माझ्या हाती ठेवलेली. आम्हा ग्नावा गाणाऱ्या-वाजवणाऱ्या लोकांत ती बापाकडून मुलाकडे आपोआप जात नाही. उस्ताद ज्याच्या हाती ठेवील त्याची. तारिक ती पर्थला आपल्या घरी नेऊन भिंतीवर टांगणार. कातडं शेकून, वाजवून जागं ठेवावं लागतं. भिंतीवर ती मुकी होईल आणि तिच्यामागे बँडही. ही धास्ती मला बसू देत नाही.

म्हणून इथे मी यानेथ किन्योनेस हिचं नाव लिहिलं होतं. ती कोलंबियाची, आमच्यात कोंगा ढोल वाजवते, गिंब्री माझ्याकडेच शिकली. बाईच्या हाती गिंब्री देत नाहीत, हे मला कोणी शिकवू नये. तिचं-माझं पहिल्या दिवसापासून भांडण आहे: मी जिथे सम धरतो तिथे ती धरत नाही. गाणं तेच, लोक नाचतात, आणि आम्ही दोघं एकमेकांना चुकलेलं समजतो.

ते नाव मीच खोडलं आहे. आज दुपारी ती आली आणि साक्षीदार म्हणून सही आपणच करणार असं म्हणत हटून बसली. मी वकीलबाईंचं म्हणणं सांगितलं.

"माहीत आहे, उस्ताद," ती म्हणाली. "सही केली की मला गिंब्री मिळणार नाही. मग ती द्यायला तुम्हाला परत यावंच लागेल ना?"

मला राग आला आणि रडूही आलं. मी उठलो, शेगडीवर कातडं शेकलं आणि लतीफा नि ओस्वाल्दो यांच्या देखत गिंब्री तिच्या मांडीवर ठेवली. वाजव म्हटलं. तिने तिच्या समेपासून सुरुवात केली. या वेळी मी तिची चूक काढली नाही.

तेव्हा गिंब्री या मृत्युपत्रात येत नाही. ती आता माझी नाही. यानेथने खुशाल सही करावी. मंगळवारनंतर घरी आलो, तर तिच्यामागे उभा राहून लोखंडी चिपळ्या वाजवीन, तिच्या समेवर.

ठिकाण: ब्रन्सविक
तारीख: १९ जुलै २०२४
सही: मिलूद झेरूआली

आमच्यासमोर सही केली. साक्षीदार:
ओस्वाल्दो पिझारो
यानेथ किन्योनेस (हिच्या सहीजवळ कागद ओला झाला आहे, ती खाडाखोड समजू नये.)