कोट आणि मिरची

मंगळवार, दिवेलागणीला

कपाळ बडवून घ्यावंसं वाटतंय. शुक्रवारी जर्मनीला निघायचं, मिरची पावडर घेणाऱ्या कंपनीशी पहिलीच भेट, आणि माझ्या नव्या कोटाची ही दशा!

मुंबईच्या एजंटने बजावलं होतं, तिथे नुसत्या शर्टावर चालत नाही, गडद कोट हवा. म्हणून सुरतेला जाऊन निळा कोट शिवून आणला. पण आप्पांना कुठला दम? पोरगा परदेशात चालला म्हणून कोट घेऊन गेले थेट पथारीवर, जिथे मिरच्या वाळत पडल्यात, सगळ्यांना दाखवायला. वर स्वतः अंगात घालूनही पाहिला.

आज इस्त्रीवाल्याने वाफ सोडली आणि खोकत खोकत दुकानाबाहेर आला. "भाऊ, हाऊ कोट शे का मिरचीनं पोतं? मन्हा डोया चुरचुरी ऱ्हायनात!" पुन्हा आणू नको म्हणाला.

आप्पा म्हणतात, "काय व्हयनं त्यामा? झटकी टाक." झटकला. दुपारभर गच्चीवर वाऱ्याला टांगला. मग बायकोने हुंगला, आईने हुंगला, आप्पांनी तर कॉलरमध्ये नाक खुपसलं. "माले तं काहीच वास येत नही."

मलाही येत नाही. येईल कसा? सगळा जन्म मिरचीत गेला, या घरात कोणाला साधी शिंक येत नाही.

म्हणजे कोट साफ झाला की नाही, हे आता थेट त्या जर्मन साहेबाच्या नाकालाच कळणार.