सातव्या ओळीचा पालाश

१२ मार्च

प्रिय आत्या,

नमस्कार. कुठलं झाड उपाशी आहे हे तुला लांबून कसं कळायचं गं? आम्ही पानं धुतो, वाळवतो, दळतो, भट्टीत जाळतो, तेव्हा कुठे चौथ्या दिवशी यंत्र सांगतं की यात पालाश, म्हणजे पोटॅश, कमी आहे. तू बांधावर कमरेवर हात ठेवून उभी राहायचीस आणि सांगून मोकळी व्हायचीस.

मी बरी आहे. वेळेवर जेवते. घरमालकिणीनं बिजागरी बदलून दिली, त्यामुळे खोलीची खिडकी आता नीट लागते. गुडघ्याला तेल लावतेस ना? की मला 'हो हो' म्हणायचं आणि बाटली तशीच फडताळात?

परवा प्रयोगशाळेत आर्टिचोकची, आपल्या त्या कळ्या खायच्या परदेशी भाजीची, पानं वाळवणाच्या पेटीतून काढली आणि तो कडवट वास आला. हातातलं काम तसंच राहिलं. शाळा सुटली की मी दप्तरासकट तुझ्याकडे प्रयोगाच्या शेतावर यायचे. तू मुकादम, पण सगळ्यांच्या आधी वाकणारी. वारा आला की पानं उलटी व्हायची आणि अख्खी ओळ चंदेरी दिसायची. कळ्या खुडून तुझी बोटं काळी नि कडू झालेली असायची. त्याच बोटांनी तू मला घास भरवायचीस आणि मी तोंड वाकडं केलं की म्हणायचीस, "तोंडाला लागलं की डोक्याला चढतं, खा." या पिकाची तर तू कायम थट्टा करायचीस. कळीला पाकळ्यांचे कपडे चाळीस आणि आत खायला जीव घासभर. मी पदवीधर झाले तेव्हा तू खुडणीवरच्या साऱ्या बायकांना एकेक कळी देऊन तोंड गोड, म्हणजे कडू, केलं होतंस.

आता कामाचं सांगते. इतका वेळ त्याच्याभोवतीच घुटमळतेय.

ती नऊ ओळींची चाचणी आठवते? बाकी सगळ्या ओळींना नत्र, स्फुरद, पालाश असं पूर्ण खत. सातव्या ओळीला पालाश अजिबात द्यायचा नाही, झाड मातीतून स्वतः किती उचलतं ते बघायचं. सहा वर्षांची पानं नि कळ्या तपासायचं काम माझ्याकडे आलं. सातव्या ओळीत पालाश इतरांएवढाच भरला. आमच्या विभागप्रमुख बाई हरखून गेल्या. या मातीत आर्टिचोकला पालाश द्यायची गरज नाही, असं पत्रक छापलं. खाली माझं नाव. आपल्या घरातलं छापलेलं पहिलं नाव. माझी नोकरी कायम होणार तीही त्याच्याच जोरावर.

तुला त्याची प्रत मी पाठवली नाही. का, ते आता लिहिते.

दुसऱ्याच वर्षी त्या ओळीच्या जुन्या पानांचे काठ करपायला लागले होते. तू म्हणाली होतीस, "साहेबांचं पोट भरलेलं आहे, त्यांना काय कळणार. या बिचारीनं कुणाचं काय केलंय?" आणि शेडमधल्या चहाच्या चुलीतली राख तू तिच्या बुडाशी घालायला लागलीस. दर आठवड्याला. लाकडाच्या राखेत पालाश ठासून भरलेला असतो. तुला ते नाव ठाऊक नव्हतं. मला पुढे कॉलेजात ठाऊक झालं, तरी सुट्टीत आले की राखेचा डबा मीच धरायचे.

आत्या, आकडे पाहिले त्याच क्षणी मला तो डबा आठवला होता. पत्रक छापायच्या आधी. मला काही आठवलंच नाही, असं मी स्वतःलाच सांगत राहिले. दोन वर्षं.

मागच्या आठवड्यात एका बागाईतदाराकडे गेले. त्यानं पत्रक वाचून पालाश बंद केला होता. त्याच्या झाडांचे काठ करपलेले मी बांधावरूनच ओळखले. मी त्याला खरं सांगितलं. तो म्हणाला, "आधी सांगायचं, मग परत घ्यायचं, एवढ्यासाठी शिकवलं का तुला घरच्यांनी?" मग वाटलेली बाकीची पत्रकंही दारोदार जाऊन परत आणली.

काल बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मुकादमानं राख टाकली एवढंच लिही. तुझं नाव कशाला? मुकादम तर निवृत्त झाली आहे." नोकरीचं त्यांनी काही म्हटलं नाही, मीही विचारलं नाही.

तुला विचारून लिहावं, असं फार वाटलं. पण विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, "घाल सगळं माझ्यावर, तू सुटून जा." आणि मी ऐकलं असतं, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून आज सकाळी खुलासा लिहिला: राख मुकादमानं कणवेनं घातली, तपासणाऱ्या मुलीनं ते जाणूनबुजून लपवलं. सही केली, बाईंच्या टेबलावर ठेवला आणि मग हे पत्र लिहायला बसले.

तुझी,
चिमी