साबणाचं पाणी

गुलबर्न,
१४ ऑक्टोबर

प्रिय कोलीन,

शाळेच्या मागच्या पायरीवर बसून आपण दोघी बुटांना पॉलिश लावायचो, आठवतं? तू डबा विसरलेली असायचीस आणि तुझा भाऊ डेस तो घेऊन सायकलवरून यायचा. एकदा त्याने फाटकातूनच वासावरून ओळखून ओरडून सांगितलं की सिस्टर इग्नेशियांचं दूध करपतंय. आत जाऊन बघितलं तर खरंच करपलं होतं. मी त्याच्या प्रेमात पडले ती बहुधा त्याच दिवशी.

इकडे आम्ही ठीक. तुझा गुडघा कसा आहे? पाऊस कमी झालाय. वणव्यांचा हंगाम यंदा लवकर सुरू होईल असं डेस म्हणतो. गावच्या अग्निशमन पथकाचा कप्तान अजून डेसच आहे.

रविवारी आमचा नील, सूनबाई ट्रूडी आणि बाळ जेवायला आले होते. वारा बोचरा होता, म्हणून डेसने गॅसवरचा बार्बेक्यू अंगणातून व्हरांड्यात ओढला आणि प्लास्टिकचे पडदे खाली सोडले. मी म्हटलं, उघड्यावरच राहू दे. त्यावर, सॉसेज तू भाजणार आहेस का, असं त्याने विचारलं. तुला ठाऊकच आहे, चिमटा हातात असलेल्या पुरुषाला आपल्याकडे कोणी शिकवत नाही. बायकांनी सॅलड करायचं आणि वाहवा करायची. मी सॅलड करायला गेले.

परत येते तर वास. झाकण बंद, गॅस सुरू, आणि हा खिशात काडेपेटी चाचपतोय. ट्रूडी बाळाला मांडीवर घेऊन शेजारीच. तिने नाक मुरडलं होतं, पण सासऱ्याला बोलणार कशी?

"डेस, गॅसचा वास येतोय."

"तुझ्याच कांद्याचा असेल," तो म्हणाला. नील नुकताच बिअर घेऊन बाहेर येत होता, तो हसला.

डेसने काडी बाहेर काढली. मी सॅलड खाली टाकलं, वाकले आणि सिलिंडर बंद केला. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्या सिलिंडरला कधी हात लावला नव्हता.

"सगळ्यांसमोर शोभा केलीस, फिल."

मी ट्रूडीला बाळ घेऊन लांब जायला सांगितलं, पडदे वर केले, झाकण उघडलं. बराच वेळ गेल्यावर नीलने बार्बेक्यू अंगणात ओढला. मी वाटीत साबणाचं पाणी करून नळीच्या सांध्यावर लावलं आणि सिलिंडर किंचित उघडला. बुडबुडे येत राहिले; गॅस तिथूनच गळत होता. नीलचं हसू मावळलं.

आम्ही थंड हॅम खाल्लं.

पण नळीसाठी मी तुला पत्र लिहिलं नसतं. ती नीलने लगेच बदलली.

मुलं गेल्यावर मी रुमालावर निलगिरीचं तेल ओतलं आणि डेसच्या नाकाशी धरलं. कोरा रुमाल कशाला दाखवतेस, म्हणाला. मग त्याने माझा चेहरा पाहिला.

"जुलैतल्या त्या तापापासून," तो हळूच म्हणाला. "वास काहीच येत नाही."

"आणि पथकातली माणसं तुझ्या नाकाच्या भरवशावर डोंगरात जातात?"

"कोणाला सांगू नकोस. पथक गेलं तर माझ्याकडे उरतं काय?"

मी वचन दिलं नाही. तेव्हापासून अबोला. म्हणून हे पत्र तुला चोरून लिहायला बसले. तू ये, तुझं तो ऐकेल, एवढंच सांगायचं होतं. पण तो आत्ताच आत आला आणि कोणाला लिहितेस म्हणून विचारलं. मी सांगून टाकलं. कागद फाडेल असं वाटलं. तो खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, मी सांगतो ते लिही.

तेव्हा खालचे शब्द त्याचे आहेत. मी फक्त उतरवते आहे.

तुझीच,
फिलोमिना

बार्बेक्यू नीलला. तो भिंतीपासून लांब, उघड्यावरच ठेवायचा, आणि झाकण उघडल्याशिवाय गॅस सुरू करायचा नाही. चिमटा ट्रूडीला, नीलला नव्हे. हेल्मेट आणि पथकाच्या शेडची किल्ली उपकप्तान ब्रायोनीला. ती कोणाच्या हाती पाठवू नका, मी स्वतः नेऊन देईन.