गॅरेजातली शेगडी

१ डिसेंबर, सोमवार

पोहोचले. ऐंशी वर्षांची अंगठाबहाद्दर म्हातारी एकटी विमानात बसून बेसिंगस्टोकला आली, हे फोना तू सगळ्यात आधी लिहून घे. विमानतळावर खुर्चीतून ढकलत नेणाऱ्या पोरीला वाटलं मी आजारी आहे. वाटू दिलं. फुकट बसायला मिळतंय तर चालायचं कशाला?

ही रोजनिशी माझा नातू नकुल याची कल्पना. लाल ठिपका दाबायचा आणि बोलायचं, फोन मराठीत लिहून घेतो. वर तारीखही आपली आपण टाकतो. मी बोललेलं त्याच्या फोनातही उमटतं म्हणे, पण मी त्याला शपथ घातली आहे, रविवारशिवाय उघडायचं नाही. रविवारी मला वाचून दाखवायचं. तो म्हणाला, आजी, तुझी असली काय गुपितं असणार? म्हटलं, तुझ्या आजोबांना विचार वर गेल्यावर.

पणती काल झाली. चिमूटभर आहे, नाक मात्र आमचं, तेव्हा लग्नाला हुंड्याऐवजी नाकच द्यावं लागेल. नातसून सिया इथलीच जन्माची. तिच्या आईचं स्टॅनमोरला गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून बाळंतपणाला माझी नेमणूक. सिया मला म्हणाली, आजी, माझा पाठ खूप दुखतो. म्हटलं बाई, तुझा पाठ आणि तुझी नकुल, दोघांनाही तेल लावून देते.

३ डिसेंबर, बुधवार

आज अब्रू गेली. छकुलीला आंघोळ घातली आणि वाडग्यात निखारा ठेवून ओवा, वेखंड, बाळंतशेपा टाकल्या. धुरी नुसती लागते न लागते तोच छताला चिकटवलेली चकती किंचाळायला लागली. शेजारची गोरी बाई चपला न घालता धावत आली. नकुल स्टुलावर उभा राहून टॉवेलने वारा घालतोय, सिया रडतेय की हसतेय कळेना, आणि मी वाडगं पदराखाली लपवून उभी. ऐंशीव्या वर्षी चोर झाले.

पण शेक-शेगडीशिवाय बाळंतपण मी मानत नाही. सहा पोरं मी अशीच वाढवली, हे मी दिवसातून चारदा ऐकवते. शेवटी नकुलने हात टेकले. म्हणाला, गॅरेजात चला.

गॅरेजात गाडी नाही, त्याच्या सायकली आणि हत्यारं आहेत. तिथं त्याने स्वस्तातला डिझेलचा हीटर बसवलाय. विमानात माझ्या पायाशी होती त्या बॅगेएवढी पेटी. मागून लोखंडी नळी निघते, ती भिंतीला पाडलेल्या भोकातून बाहेर गेली आहे. विषारी धूर बाहेर जातो, आत येते ती नुसती ऊब. आतला पंप थेंब थेंब डिझेल पाजत राहतो आणि टक् टक् वाजतो. म्हटलं, बाळंतीणच आहे की ही, घोट घोट पाजावं लागतं.

भोकाशेजारी एक वीट काढून त्याने जाळी बसवली आहे. तिथून गार वारा सुरीसारखा पायाला लागतो. नकुलने दोनदा बजावलं, आजी, थंडी वाजली तरी ही जाळी बुजवायची नाही. हवा खेळती राहिली पाहिजे. मी हो म्हटलं.

हेच, ह्याच शब्दांत, मला एकदा कुणीतरी सांगितलं होतं. पण ते राहू दे.

५ डिसेंबर, शुक्रवार

गॅरेज आता आमचं राज्य. खाली चटया, वर गोधडी, मध्ये सिया. आधी अंगाला हात लावू देत नव्हती, आता तेल चोळताना मांजरीसारखी घुरघुरते. म्हणाली, सगळ्या घरात इथंच वॉर्म वाटतं आजी, मी इथून हलणार नाही. घरी येऊन तपासणारी नर्सही म्हणाली, आई छान टवटवीत दिसते. मी मान अशी डोलवली, जणू पदवी मलाच मिळाली.

आज सटवीची पूजा केली. नशीब लिहायला कोरा कागद आणि पेन ठेवलं. सियाने विचारलं, ती खरंच लिहिते? म्हटलं, हो बाई, तिला तरी लिहिता येतं.

एक लपवाछपवी सांगून टाकते, रविवारी नकुल वाचेल तेव्हा रागवेल. गॅरेजाच्या भिंतीवर त्याने एक पांढरी डबी टांगली होती, विषारी वायू झाला तर ओरडणारी. धुरीच्या निखाऱ्याने तीही केकाटली. छकुली दचकून निळी पडली. मी डबी काढली, टॉवेलात गुंडाळली आणि पोरीच्या लंगोटांखाली कपाटात घातली. परत लावीन.

आणखी एक. संध्याकाळी आवरताना जाळीत बोळा दिसला. कापडाचा, घट्ट ठोकून बसवलेला. सियाने नाही घातला, ती वाकूच शकत नाही. नकुल घालणार नाही. म्हणजे मीच घातला असणार आणि विसरले. मी तो काढला आणि कुणाला बोलले नाही. म्हातारी विसरायला लागली म्हटल्यावर तिच्या हातात तान्हं पोर कोण देईल?

वन्सं, दार उघडा.

७ डिसेंबर, रविवार

वाचन झालं. डबीचं आलं तसा नकुल थांबला. मी म्हटलं, लावली रे परत. खोटं बोलले. त्याने विश्वास ठेवला, आणि तेच जास्त लागलं. बोळ्याचं आलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला, होतं असं, जेट लॅग.

मग त्याने शुक्रवारचं शेवटचं वाक्य वाचलं आणि विचारलं, आजी, हे कुणाला म्हणालीस? वन्सं म्हणजे काय?

मी म्हटलं, कुठलं वन्सं?

त्याने परत वाचलं. माझं बोलणं संपल्यावर खाली लिहिलं होतं: वन्सं, दार उघडा.

मी सांगितलं, वन्सं म्हणजे नवऱ्याची बहीण. भावजय नणंदेला म्हणते. तो म्हणाला, मग तुला कोण म्हणणार? म्हटलं, जुनी आठवण, बोलून गेले असेन. आणि पटकन चहा मागितला.

मी बोलले नव्हते. मला वन्सं म्हणणारी एकच होती. माझ्या थोरल्या भावाची बायको, हौसावहिनी. मेढ्याच्या बाजूला आमचं गाव, मार्गशीर्षातली अशीच थंडी. मी बारा वर्षांची. तिचं बाळंतपण माझ्यावर सोपवलेलं, म्हणजे शेगडीवर लक्ष ठेवायचं, एवढंच.

अकराव्या दिवशी गेली. पोरही गेलं. दुसऱ्या दिवशी बारसं होतं.

८ डिसेंबर, सोमवार

डबी परत टांगायला कपाट उघडलं. टॉवेल आहे, घडी तशीच. डबी नाही. लंगोट एकेक करून झटकले. नकुलला विचारू कशी? काल लावली म्हणून सांगून बसले आहे.

सियाचं डोकं दुखतंय. म्हणते झोप नाही म्हणून. गाल लाल झालेत, रंग लावल्यासारखे. मी ते गाल ओळखते. हौसावहिनीला बाहेर आणून ठेवली तेव्हा बायका म्हणत होत्या, बघा कशी तजेलदार दिसते, झोपलीय असं वाटतं.

जाळीत परत बोळा. आज उजेडात नीट पाहिला. हिरवं लुगडं, पिवळा काठ. या घरात लुगडं कुणाचं असणार? मी पाचवारी नेसते, आणि सियाकडे तर नऊवारी फोटोतसुद्धा नाही.

जेवताना तोंड उघडलं होतं. नकुल म्हणाला, काय गं आजी? म्हटलं, मीठ कमी आहे.

सांगायचं तर सगळं सांगावं लागेल. बोळ्याने काय होतं ते तुला कसं कळलं आजी, असं तो विचारेल. चांगल्या पोरांची हीच खोड, ती विचारतात.

९ डिसेंबर, मंगळवार

सकाळी सियाला म्हटलं, आज गॅरेज नको, आज वरच शेकू. तिचं तोंड एवढंसं झालं. म्हणाली, आजी, प्लीज, तिथंच मला बरं वाटतो. तुम्हीच म्हणाला ना, चाळीस दिवस. माझेच शब्द, माझ्याच गळ्यात. तिला नेलं. मी दाराला पाठ लावून, दार उघडं धरून बसले. गारठ्याने दात वाजत होते. ती हसली, म्हणाली, आजी वॉचमन.

बोळा काढून बाहेरच्या कचऱ्याच्या पेटीत टाकला. झाकण दाबलं. दुपारी माझ्या उशीखाली होता. घडी घातलेला. कोमट.

तो पंप वाजतो ना — टक्, टक् — मी इतके दिवस मनात म्हणत होते, हा आवाज ओळखीचा आहे. आज कळलं. सागरगोटे. दगडावर सागरगोटे पडले की असे वाजतात.

लिहून घे. उद्या अकरावा दिवस आहे. रविवारपर्यंत कुणी वाचणार नाही, म्हणून बोलते. लाज अशी की तोंड भिंतीकडे करून बोलतेय.

भागू सुईण रोज सांगून जायची, इंदे, शेगडी पेटती असली की झरोका बुजवायचा नाही. मला वारा लागायचा. मी वहिनीच्याच जुन्या लुगड्याचा बोळा केला आणि — हिरवं होतं. पिवळा काठ.

नंतर ओरडा झाला, माणसं धावली, तेव्हा सगळ्यांच्या आधी आत मी शिरले. लोकांना वाटलं मायेने. मी बोळा काढायला शिरले होते.

कुणाला कळलं नाही. सगळे म्हणाले भागूने करणी केली. तिला मारली. तिचं घर मोडलं. ती माझ्याकडे बघत होती. तिला माहीत होतं. मी तिच्याकडे बघितलं आणि —

पुढचं नको. एवढं पुरे.

उद्या नकुलला सांगते. चहाच्या वेळी. नक्की.

१० डिसेंबर, बुधवार

सकाळी सांगितलं नाही. त्याची मीटिंग होती.

१० डिसेंबर, बुधवार

फोन परत तारीख टाकतोय. टाकू दे.

मी आंघोळीला गेले तेवढ्यात सिया पोरीला घेऊन एकटीच गॅरेजात गेली. मी धावत आले — ओले केस — आत शिरले आणि दार मागे लागलं. उघडत नाही. कडी नाही याला. पलीकडून कुणीतरी पाठ लावून बसलंय, मी काल बसले होते तशी.

नळी भिंतीच्या भोकातून निसटली आहे. तिचं तोंड आत वळलंय. भोकात बोळा, जाळीत बोळा.

सिया झोपली आहे. हलवते, उठत नाही. गाल — छकुली ऊं करते. अजून ऊं करते.

हीटरचं बटण कुठलं ते — सगळीकडे अक्षरं. सगळं दाबलं. वाजतोय. टक्. टक्.

नकुल वर आहे. कानाला ते लावून बसलाय. हाका मारल्या. फोनवर त्याला लावायचं कसं ते मला — एवढा एकच ठिपका येतो मला.

जाळीतला बोळा ओढते. निघतोय. निघतोय पण संपत नाही — हात हात लुगडं येतंय — माझ्या पायाशी ढीग झाला, काठ अजून —

तिचा आवाज. दारापलीकडून. वन्सं, आता बोला.

बोलते बाई. काल गिळलं ते बोलते.

कडी मी घातली होती. बाहेरून. वासरू आत शिरतं म्हणून. आणि अंगणात सागरगोटे खेळत बसले. ती हाक मारत होती. वन्सं, दार उघडा. दोनदा. तीनदा. मला ऐकू आलं. मला ऐकू आलं होतं, मी मनात म्हटलं, एक डाव संपू दे —

भागूने काही केलं नाही. मी केलं. इंदूने.

वारा आला. थोडा. जाळीतून. पोरीला जाळीशी धरलंय, तोंड वाऱ्याकडे. सियाला ओढवत नाही — पाय धरून — माझ्या हातात जोर —

नकुल, शपथ सोडली. रविवारची वाट बघू नको. सगळं वाच, लाज वाटू दे माझी, पण आत्ता वाच, खाली ये, आत्ता —