छपराखालचं डुक्कर

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून मनातल्या मनात). तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? माझी प्रकृती उत्तम आहे, फक्त जगण्यात राम उरलेला नाही.

तुला ठाऊकच आहे, आपल्या सूनबाईचे आईवडील चिनी, आणि ते लग्नाला आले नव्हते. व्याह्यांनी तर मुलीशी बोलणंच टाकलं होतं. आता तिला दिवस गेल्याचं कळल्यावर ते विरघळले आणि दोघं येतो म्हणाले. मी हयातभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. म्हटलं, त्यांच्याच लिपीतलं एक अक्षर दारावर लावू. (इथेच कुणीतरी माझा हात धरायला हवा होता. पण ही माझा हात धरते ती फक्त साखरेच्या डब्यापाशी.)

सूनबाईनं अक्षर निवडलं 'घर'. उच्चार 'च्या'. (ही आतून ओरडली, "आत्ताच झाला की तुमचा!") वर छप्पर, छपरावर एक टिंब, आणि छपराखाली चक्क डुक्कर. हे कळल्यावर ही म्हणाली, "दारावर कशाला? आत एक आहे तेवढं पुरे." बरं, कुठली रेघ आधी नि कुठली नंतर, हेही ठरलेलं. मी आधी डुक्कर काढून मग त्यावर छप्पर घातलं, की सूनबाई कागद फाडायची. मी म्हणायचो, दिसतं तर सारखंच! ती म्हणायची, "मला दिसतं ना, बाबा." माझं डुक्कर कधी शेळी व्हायचं, कधी मोडकी खुर्ची. घरातली सगळी रद्दी संपली तेव्हा कुठे ते जमलं, आणि सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. इथे थांबलो असतो, तर आज माणसांत असतो.

ज्या दिवशी पाहुणे येणार, त्या दिवशी मुलगा आणि सूनबाई तपासणी उरकून परस्पर त्यांना आणायला जाणार होते. घरी मी होतो आणि माझ्यातला कलावंत होता. पाटी रंगवताना छपरावरचं ते टिंब मला खुपायला लागलं. छप्पर गळतंय असं वाटत होतं. उलट डुकराला बिचाऱ्याला डोळा नाही. म्हणून मी टिंब वरून काढलं आणि खाली डुकराला दिलं. काय सांगू ताई, अक्षर हसायला लागलं! पाटी दारावर ठोकून मोकळा झालो.

गाडी थांबली. व्याही हसत पायऱ्या चढले, पाटी पाहिली आणि जागच्या जागी थिजले. विहीणबाईंनी तोंडाला रुमाल लावला. मला वाटलं, भारावले. मी पाटीकडे बोट केलं, मग त्यांच्याकडे, मग सूनबाईच्या पोटाकडे, आणि हात जोडून म्हणालो, "आपल्या सगळ्यांचंच आहे!" सूनबाई मटकन पायरीवर बसली.

"बाबा, टिंब कुठे गेलं?"

"डुकराला डोळा दिला."

"बाबा, आता हे घर नाही राहिलं. हे थडगं झालं."

व्याही खोलीत गेले ते दार लावूनच. जेवले नाहीत. मीही जेवलो नाही (फारसा). विहीणबाई आणि ही, एकमेकींची भाषा येत नसताना, स्वयंपाकघरात माझ्याविषयी बोलत बसल्या. त्यांचं एकमत झालेलं मला बाहेर ऐकू येत होतं.

सकाळी दाराशी खरवडल्याचा आवाज आला. पाहतो तर व्याही स्टुलावर उभे, माझ्याच रंगाच्या डब्यात त्यांचं बोट! डोळा खरवडून त्यांनी छपरावर टिंब दिलं होतं. जाडं, तिरपं, ओघळ आलेलं. असलं टिंब मी उधारीच्या गिऱ्हाइकालाही दिलं नसतं. पण खाली सूनबाई स्टूल धरून उभी होती, आणि बापलेक बोलत होते, बोलतच होते. मला पाहून तिनं डोळे पुसले. "बाळ होईपर्यंत राहतो म्हणतायत. आणि तुम्हाला रोज शिकवणार आहेत."

तेव्हापासून हा तुझा नावाजलेला भाऊ रोज व्याह्यांपुढे मांडी घालून एक आडवी रेघ ओढतो. ते निरखून पाहतात आणि मान हलवतात. तीही आडवी.

लोभ असू दे. या घरातला माझ्या वाट्याचा संपला आहे.

तुझा हताश,
धाकटा

ता. क. पाटी इतकी झकास उतरली म्हणून त्याच दुपारी, पाहुणे यायच्या आधीच, तशीच आणखी एक, चांगली दारभर मोठी, भाच्याच्या नव्या दवाखान्यासाठी रंगवून धाडली होती. मिळाली असेल, तर न उघडता परत पाठव.

दुसरा ता. क. लावून झाली असेल, तर भाच्याला तूर्त अर्थ सांगू नकोस. तुमच्या भागात चिनी वाचता येणारं कुणी आजारी पडत नाही ना, तेवढं उलट टपाली कळव.