टेकमध्ये माझा आवाज

अण्णा, आज माझ्यामुळे एक सुरेख टेक वाया गेला आणि मला तुमचा भयंकर राग आला आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भांडायला तुमच्याशिवाय कुणी सापडत नाही. यशवंतपूरच्या गोदामात कांद्याच्या पोत्यांना टेकून तुम्ही आमच्या नाटकांच्या तालमी घ्यायचात. प्रत्येकाला सगळ्यांचे संवाद पाठ हवेत, हा तुमचा हट्ट. माझं तर पाठ आहे ना, असं मी एकदा म्हणालो, तर तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "दुसऱ्याचं पाठ नाही तो नट नव्हे, पाव्हणा. चहा पी नि घरी जा." तेव्हापासून मी विंगेत उभा राहून अख्खं नाटक ओठांत म्हणत आलो. कितीजणांची लाज त्यामुळे राखली गेली.

पण सिनेमात विंग नसते, अण्णा. दिग्दर्शक म्हणून हा माझा पहिलाच सिनेमा. सर्जापूर रोडवरचा फ्लॅट, शेजारचं ड्रिलिंग हातापाया पडून थांबवलेलं. घर सोडून निघालेल्या मुलाला आई अडवत नाही, असा प्रसंग. आई झाली आहे आपली अक्का, तुमच्याच तालमीत वाढलेली. तिने असं काही केलं की कॅमेरामन डोळे पुसत होता. तेवढ्यात साउंडवाली मुलगी हेडफोन काढून म्हणते, "सर, आईच्या प्रत्येक वाक्याखाली तुमचा आवाज येतोय." मला पत्ताही नव्हता. पुन्हा केलं, पुन्हा तेच. निर्माता भडकला. "जमत नसेल तर सांगा, मी दुसरा दिग्दर्शक बघतो." शेवटी अक्का जवळ आली. "तू स्वल्प बाहेर बस की रे. सरी?" थोडा वेळ, चालेल ना, हे ती अजून अर्ध्या कानडीतच विचारते.

मी लिफ्टपाशी जाऊन बसलो. स्वतःच्या सिनेमाच्या दाराबाहेर! तुम्ही सगळं शिकवलंत, गप्प कसं बसायचं तेवढं सोडून. मग आतून टाळ्या ऐकू आल्या. मॉनिटरवर पाहिलं तर टेक पहिल्यापेक्षाही सरस. एके ठिकाणी अक्का वाक्य विसरते आणि मुलाकडे नुसती बघत राहते. त्या बघण्यात सगळी आई दिसते. मी आत असतो, तर ते वाक्य तिला हमखास पुरवलं असतं.

या पत्रावर घालायला पत्ता नाही, म्हणून सांगून टाकतो. अक्काचं ते नुसतं बघत राहणं मीच सुचवलं होतं का, असं निर्मात्याने मला विचारलं. मी हो म्हणालो, अण्णा. अक्का शेजारीच उभी होती.